मामाचे गाव की चिखलदरा?

(शास्त्रपाठ : अनुवाद १६ : १३-१५, लूक २ : ४१-४६, मार्क ६ : ३०-३४)



वऱ्हाडचा उन्हाळा कसा असतो हे वऱ्हाडच्या माणसास सांगावयास नको. अकोला आणि अमरावती येथे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पलीकडे जातो, भर दुपारी रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही, आणि म्हणूनच आपल्याकडील शाळा बाकीच्या महाराष्ट्राच्या मागून, जूनच्या उत्तरार्धात उघडतात. ह्या दिवसांत तूर व हरभरा विकून झालेला असतो, पऱ्हाटी उपटून झालेली असते आणि मृगाला अद्याप अवकाश असतो. मग घरोघर एक प्रश्न निघतो, आणि अलीकडे तो आपल्या खेड्यापाड्यांतील ख्रिस्ती घरांतही निघू लागला आहे. यंदा सुटीत मुलांना घेऊन जावयाचे कोठे?

आपल्या वाडवडिलांच्या वेळी हा प्रश्न नव्हता. मुले मामाच्या गावी जात, एवढेच ठाऊक होते. मूर्तिजापुराहून दर्यापूर, अंजनगाव करीत अचलपुरास जाणारी शकुंतला ही लहान गाडी अशा मुलांनी व त्यांच्या बोचक्यांनी भरून जात असे. ती गाडी आता काही वर्षे धावत नाही, परंतु मुले अजून जातात, एस. टी.ने जातात, मोटरसायकलवर तिघे-चौघे बसून जातात. मात्र ज्या घरात एखादा मुलगा शिक्षक झाला अथवा एखादी मुलगी परिचारिका झाली, आणि दरमहा पगार येऊ लागला, त्या घरात आता दुसरे नाव ऐकू येते. ते नाव चिखलदऱ्याचे. शेजारच्या मुलांनी तेथे जाऊन छायाचित्रे काढली, ती मोबाईलवर सगळ्या गावाने पाहिली. मग आपली मुलेही विचारतात की आपण कधी जाणार?

ह्या विषयावर मी पूर्वी एकदा उपदेश केला होता, आणि तो मला फार सोपा गेला. मी म्हणालो की मामाचे गाव म्हणजे साधेपणा, आप्तांवरील प्रीती, वडीलधाऱ्यांचा मान. आणि चिखलदरा म्हणजे चैन, दिखाऊपणा, पैशाची उधळपट्टी. मंडळीने माना डोलावल्या. अंजनगावाकडील एका खेड्यातील ती लहानशी मंडळी होती. उपासना संपल्यावर बाहेर चप्पल घालीत असता एक भगिनी हळूच म्हणाली, “मामाच्या गावाले मामी बी रायते, पाळकसाहेब. तुमच्या उपदेशात थे आलीच नाही.”

मी हसलो, आणि घरी येईपर्यंत माझे हसू मावळले. तो उपदेश मी पुन्हा केला नाही. आज जे सांगावयाचे आहे ते तिच्या त्या एका वाक्यामुळे सांगत आहे.

मामाच्या गावाचे गुण मी कमी लेखीत नाही. तेथे मुलास आपले रक्त कोठून आले ते कळते. आजी जुन्या गोष्टी सांगते. घरात पहिल्या प्रथम प्रभूचे नाव कोणी घेतले, त्या वेळी भावकीने काय केले, विहिरीवर पाणी कसे बंद झाले, हे शहरात वाढणाऱ्या मुलाने दुसऱ्या कोणाच्या तोंडून ऐकावे? चुलत-मामे भावंडे एका ताटात जेवतात, रात्री अंगणात एका सतरंजीवर निजतात. आंबा महाग असो की स्वस्त, एक दिवस तरी रस आणि शेवया होतातच. पैसा थोडा लागतो. आणि विवाहित मुलीला माहेर मिळते, ही गोष्ट तर आपल्या स्त्रियांना सोन्याहून मोलाची आहे.

परंतु एका मुलीचे जे माहेर तेच दुसरीचे सासर असते. नणंद मुलाबाळांसह महिनाभर येते तेव्हा चुलीपुढे कोण बसते? दर्यापुरापासून अकोल्याकडे पूर्णेच्या खोऱ्यात जो खारपाणपट्टा आहे, तेथील भगिनींना हे अधिक समजेल. तेथे जमिनीत पाणी असते, पण ते तोंडात धरवत नाही. प्यावयाचे पाणी नळाला येईल त्या दिवशी, येईल त्या वेळी, हंड्याहंड्याने भरून ठेवावे लागते. घरात पाच माणसे असता जी कसरत, ती बारा माणसे झाल्यावर काय होत असेल? आणि मे महिना म्हणजे कुरड्या, पापड, शेवया, वर्षाचे तिखट ह्यांचा महिना. पहाटे चार वाजता चीक शिजवावयास उठलेली स्त्री रात्री सर्वांच्या शेवटी भांडी घासून निजते. सगळे म्हणतात, सुटी फार चांगली गेली. ती स्त्री काही म्हणत नाही, कारण पाहुण्यांविषयी बोलणे वाईट दिसते.

आणखी एक गोष्ट. लूककृत शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात एका कुटुंबाचा प्रवास आहे. योसेफ व मरीया दरवर्षी वल्हांडण सणास यरुशलेमेस जात. येशू बारा वर्षांचा असता तेही त्यांच्याबरोबर गेले. परत निघाल्यावर एक दिवसाची मजल चालून झाली, तोपर्यंत आईबापांना वाटत होते की मुलगा सोबतच्या मंडळीत कोठेतरी असेल. मग नातलगांत व ओळखीच्यांत शोधले, नाही. तीन दिवसांनी तो मंदिरात सापडला. ह्या पाठावर आपण नेहमी येशूच्या उत्तराविषयी बोलतो, आणि ते योग्यच आहे. पण आज त्या पहिल्या दिवसाकडे पाहा. ज्यांच्यासारखे भले आईबाप आपल्यांत क्वचित आढळतील, त्यांचाही असा समज झाला की इतके नातेवाईक आहेत, कोणीतरी पाहत असेल. आजोळी असेच होते. आई समजते मुले मामापाशी आहेत, मामा समजतो आजीपाशी आहेत, आजीला वाटते मोठ्या पोरांबरोबर आहेत. आणि मुले भर उन्हात विहिरीच्या काठावर नाही तर गावतळ्यात असतात. दर उन्हाळ्यात कोणत्या ना कोणत्या खेड्यातून बुडून मेलेल्या मुलाची बातमी येते. मी अशा एका मुलाची प्रेतक्रिया केली आहे. त्याविषयी अधिक लिहवत नाही. एवढेच सांगतो की त्या घरी नातलग कमी नव्हते.

आता चिखलदऱ्याकडे वळू. सातपुड्याच्या गाविलगड रांगेत, समुद्रसपाटीपासून सुमारे ३,६०० फुटांवर हे ठिकाण आहे. भीमाने कीचकास मारून ह्या दरीत फेकले म्हणून कीचकदरा, त्याचे चिखलदरा झाले, असे लोक सांगतात. हैदराबाद पलटणीतील कॅप्टन रॉबिन्सन नावाचा इंग्रज अधिकारी १८२३ साली येथे आला, तेव्हापासून त्याची थंड हवेचे ठिकाण म्हणून प्रसिद्धी झाली. पुढे तेथे कॉफीचे मळे लावण्यात आले व कॉफी आजही होते. इंग्रजी अमलात वऱ्हाडातील साहेब लोक उन्हाळ्यात वर जात. आपल्या मिशनरी मंडळींनाही डोंगरावरच्या हवेचे महत्त्व चांगले माहीत होते. त्या काळी आपले उपदेशक मात्र खालीच, उन्हात, आपापल्या गावी राहत. ह्याचा उल्लेख मी कुरकुर म्हणून करीत नाही; जे होते ते होते. परंतु डोंगरावर जाणे हे साहेबाचे काम, आपले नव्हे, ही समजूत आपल्या मनात तेव्हापासून घर करून बसली आहे, आणि तिला आपण कधी कधी नम्रता म्हणतो.

ती नम्रता नव्हे. मार्काच्या सहाव्या अध्यायात शिष्य गावोगाव फिरून परत आले, तेव्हा येण्याजाण्याची इतकी गर्दी होती की त्यांना जेवावयासही सवड मिळेना. प्रभूने त्यांना आणखी काम दिले नाही. एकांत जागी चलून थोडा विसावा घ्या, असे सांगितले आणि स्वतः त्यांच्याबरोबर गेला. हे शिष्य धनवान नव्हते, त्यांच्यात मासे धरणारेही होते. म्हणून वर्षभर कापूस वेचणाऱ्या बाईने, आठवड्यास चार गावे सायकलीवर फिरणाऱ्या उपदेशकाने, दोन दिवस थंड वारा अंगावर घेतला तर देवाच्या राज्याचे काही बिघडत नाही. भीमकुंडाच्या कड्यावर उभे राहून, आपल्या हाताने न झालेले असे काही मुलाने पाहावे, ह्यात मला तरी पाप दिसत नाही. आणि हेही खरे की घरापासून दूर गेल्यावर नवराबायको एकमेकांशी बोलतात. घरी ती बोलत नाहीत असे नाही. पण घरी बोलणे असते ते किराण्याचे.

परंतु ह्या सुटीतही कोणीतरी बाहेर राहते, आणि येथे ते शोधावयास फार लांब जावे लागत नाही. पहिली बाहेर राहते ती आजी. गाडीत जागा नसते, तिचे गुडघे दुखतात, तिला घाट सोसणार नाही, असे सर्वजण मोठ्या मायेने म्हणतात, आणि तिला कुलपाची किल्ली देऊन जातात. दुसरी गोष्ट पैशाची. पगारदार कुटुंबाचे एक असो. पण मी असे एक घर पाहिले आहे की जेथे शेजाऱ्याच्या मुलांची छायाचित्रे पाहून बियाण्याला ठेवलेले पैसे मोडले, आणि मृग लागल्यावर तेच बियाणे सावकाराकडून काढावे लागले. दोन दिवसांची थंड हवा त्यांना दिवाळीपर्यंत भाजत होती. आपल्या वऱ्हाडात कर्जापायी किती घरे उजाड झाली आहेत हे मी पुन्हा सांगावे असे नाही.

तिसरे जे लोक बाहेर राहतात त्यांना तर आपण पाहून न पाहिल्यासारखे करतो. चिखलदरा हे मेळघाटात आहे आणि मेळघाट हा कोरकू लोकांचा मुलूख आहे. आपण ज्या डोंगरावर हवा खावयास चढतो, त्याच डोंगरावरून कोरकू कुटुंबे पोटासाठी खाली उतरतात. अमरावती-अकोल्याच्या सपाटीवर शेतमजुरीस, वीटभट्टीवर, बांधकामावर. होळी हा त्यांचा मोठा सण. त्यास ती घरी येतात. १९९३ सालापासून मेळघाटातील कुपोषणाची आणि दगावलेल्या बालकांची वार्ता देशभर गेली, पुष्कळ चौकश्या झाल्या, आणि ते दुःख अजून सरलेले नाही. चहाच्या टपरीवर आपल्यापुढे पेला ठेवणारा मुलगा, खोली झाडणारी बाई, ही बहुधा तेथलीच असतात. त्यांच्याशी पाच-दहा रुपयांसाठी हुज्जत घालून आपण खाली येतो व साक्ष देतो की प्रभूची सृष्टी किती सुंदर आहे.

तर मग दोहोंतील कोणती सुटी बरी? अनुवादाच्या सोळाव्या अध्यायाकडे चला. मांडवांचा सण हा इस्राएल लोकांचा सुगीनंतरचा सण होता. खळ्यातले धान्य घरात आले, द्राक्षारस काढून झाला, म्हणजे त्यांनी सात दिवस आनंद करावयाचा. देवाने नुसते आनंद करा असे सांगितले नाही. कोणी कोणी करावयाचा त्यांची नावनिशी दिली. तू, तुझा मुलगा, तुझी मुलगी, तुझा दास, तुझी दासी, आणि तुझ्या गावात असलेले लेवी, परके, अनाथ व विधवा. ह्या यादीतला प्रत्येक जण असा आहे की ज्याला सण म्हटला म्हणजे सहसा काम तरी लागते, नाही तर एकटेपणा तरी येतो. दासाला काम, दासीला काम. परका, अनाथ व विधवा ह्यांना दुसऱ्याच्या घरचा वास. देव म्हणतो, ह्यांना धरून मोजणी करा.

आता चतुर माणूस विचारील, आणि एका तरुण उपदेशकाने मला विचारलेही, की ह्या यादीत पत्नी कोठे आहे? मुलगा आहे, मुलगी आहे, दासीदेखील आहे, घरधनीण नाही. शब्बाथाच्या आज्ञेतही असेच आहे. तेथे गुराढोरांचासुद्धा विसावा मोजला आहे, पण पत्नीचा शब्द नाही. शास्त्राचा अभ्यास करणाऱ्या पुष्कळ विद्वानांचे म्हणणे असे की ती वगळलेली नाही. आरंभीच्या ‘तू’ ह्या शब्दात नवरा व बायको दोघेही आली. मला हे पटते. आणि पटले म्हणजे त्याचा अर्थ फार कठीण होतो. कारण मग ज्या घरात नवऱ्याने विसावा घेतला आणि बायकोने घेतला नाही, त्या घरातील ‘तू’ने आज्ञा अर्धीच पाळली. तो पुरुष दासदासींना सुटी देऊन, विधवेला जेवू घालूनही, आपल्या चुलीपाशी आज्ञाभंग करीत असेल.

नातलगांकडे राहावयास जाणे ह्यात देवाचा आशीर्वाद नाही असे कोणी समजू नये. मरीया डोंगराळ प्रदेशात अलीशिबेच्या घरी गेली व सुमारे तीन महिने राहिली. अलीशिबा म्हातारपणी गरोदर होती, तिला सहावा महिना होता, आणि घरधन्याची वाचा गेलेली. तेथे मरीयेने काय काम केले हे शास्त्र सांगत नाही. पण तशा घरी एक तरुण मुलगी तीन महिने हातावर हात ठेवून बसली असेल असे मला वाटत नाही. पाहुणी होऊन जाता येते आणि आधार होऊनही जाता येते.

त्या अंजनगावाकडील घराचे पुढे काय झाले ते सांगतो, कारण त्यांनीच तशी परवानगी दिली आहे. ज्या भगिनीने मला टोकले तिची नणंद अकोल्यास असते. नणंदेचा नवरा शाळेत शिक्षक आहे. पुढच्या उन्हाळ्यात त्यांच्याही घरी वाद होता. मुलांना चिखलदरा पाहिजे होता, आईला माहेर पाहिजे होते. मी त्या शिक्षकबंधूस अनुवादातील ती यादी वाचून दाखविली व म्हणालो, मी काही सांगत नाही, तुमच्या घरची माणसे हिच्यावर ठेवून पाहा. त्यांनी माझ्याहून अधिक केले. ते थेट सासुरवाडीस गेले आणि त्या भावजयीलाच विचारले, की तुम्हांला काय पाहिजे? मला वाटले होते ती म्हणेल, मलाही डोंगर दाखवा. ती म्हणाली, मला डोंगर नको, मला माझ्या आईकडे जाऊ द्या. हिशेब केला तेव्हा कळले की नणंदा येतात म्हणून नऊ उन्हाळे ती आपल्या माहेरी गेलेली नव्हती. तिच्या नवऱ्याच्या हे ध्यानात आलेच नव्हते. तो वाईट माणूस नाही. मंडळीत वडील आहे, वर्गणी चुकवीत नाही.

तिला आठ दिवस माहेरी धाडले. नणंदेने येऊन आईचे घर हाती घेतले, आणि ह्या खेपेस पाहुणी म्हणून नव्हे. कुरड्यांचा चीक शिक्षकबंधूंनी घोटला. शेजारणी पाहावयास आल्या होत्या म्हणे. मग दोन दिवस मुले, त्यांचे आईबाप आणि म्हातारी आजी अशी सर्व मिळून एस. टी.ने परतवाड्यास व तेथून घाट चढून चिखलदऱ्यास गेली. मोटार भाड्याने केली नाही. २०२२ साली पंचाहत्तरी उलटलेल्या वृद्धांस एस. टी.चा प्रवास विनामूल्य झाला आणि २०२३ साली स्त्रियांस अर्धे तिकीट झाले; त्यामुळे आजीला नेण्यास जो खर्च पडेल असे सर्वांना वाटत होते, तो पडलाच नाही. गुडघे दुखले. पण ती म्हणाली की घरीही दुखतातच.

ह्या बाईचे सगळे आयुष्य त्या गावात गेले होते. शेतात निंदताना मान वर केली की उत्तरेस सातपुड्याची निळी रेघ तिला दिसे. सत्तर वर्षे ती रेघ पाहत आली, पण डोंगरावर पाऊल ठेवलेले नव्हते. वर पोहोचल्यावर तिने कडा पाहिला, दरी पाहिली, आणि मग खाली सपाटीकडे बोट करून विचारले, आपले गाव कोणते? उन्हाच्या धुरकटीत कोणालाच सांगता येईना. संध्याकाळी चहाच्या टपरीवर ती एका कोरकू बाईशी बोलत बसली. कापूस वेचावयास ती बाई अंजनगावाकडे येत असे असे निघाले, आणि ज्या शेतात येत असे त्या शेतमालकास आजी ओळखत होती. नातवंडे फिरून आली तेव्हा दोघी एका पिशवीतले शेंगदाणे खात होत्या.

इकडे घरी मामा एकटाच राहिला होता, कारण म्हशीचे दूध काढावयास कोणीतरी पाहिजे होते. दोन दिवस त्याने स्वतःची भाकरी स्वतः थापली. भावजय माहेराहून परतली तेव्हा तव्याखाली जळलेल्या तुकड्यांचा ढीग होता, आणि म्हैस बारीक झाल्यासारखी दिसते असे तिने मला सांगितले. यंदा ती पुन्हा आठ दिवस जाणार आहे. तारीख तिच्या नवऱ्याने स्वतः ठरविली आहे.